कार्बनच्या चिन्हातील दोन अंक

महाराष्ट्रातील ताम्रपाषाणयुगीन वसाहतींच्या उत्खनन-अहवालांत ‘कार्बन-१४’ हा शब्दप्रयोग इतका रूढ झाला आहे, की त्यातील १४ हा अंक नेमका कशाचा, हा प्रश्न मानव्यविद्यांच्या अभ्यासकास सहसा पडत नाही. तो वर्षांचा नव्हे, शतकांचा नव्हे आणि मूलद्रव्यांच्या अनुक्रमाचाही नव्हे. तापी व गोमाई यांच्या संगमावरील प्रकाशा येथे, म्हणजे तत्कालीन पश्चिम खानदेशात व आजच्या नंदुरबार जिल्ह्यात, बी. के. थापर यांनी १९५५ साली उत्खनन केले. पुढील दशकात मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत कार्बन-कालमापनाची प्रयोगशाळा उभी राहिली आणि ‘टीएफ’ या अक्षरांनी आरंभ होणारे तिचे निर्णय नेवासे, चांदोली अशा स्थळांच्या संदर्भात उद्धृत होऊ लागले. हे निर्णय नीट वाचावयाचे, तर प्रथम कार्बनचे चिन्ह वाचता आले पाहिजे.

मूलद्रव्यांसाठी लॅटिन नावांची आद्याक्षरे वापरण्याची पद्धती स्वीडिश रसायनशास्त्रज्ञ बर्झेलियस याने १८१३-१४ च्या सुमारास रूढ केली. लॅटिनमध्ये ‘कार्बो’ म्हणजे कोळसा. त्यावरून रोमन लिपीतील ‘सी’ हे अक्षर कार्बनचे चिन्ह झाले. पूर्ण लेखनात या अक्षराच्या डावीकडे दोन अंक येतात, एक खाली व एक वर. खालचा अंक ६ हा अणुअंक होय. अणुकेंद्रातील धनभारित कणांची, म्हणजे प्रोटॉनांची, ती संख्या. मूलद्रव्याची ओळख या संख्येवर अवलंबून असते, हे मोज्लीच्या १९१३ मधील प्रयोगांनी सिद्ध झाले. सहा प्रोटॉन असलेला प्रत्येक अणू कार्बनचाच. सात झाले की तो नायट्रोजनचा.

यावरून हे उघड होते, की ‘सी’ हे अक्षर व ६ हा अंक एकच गोष्ट दोनदा सांगतात. ‘त्या मुली आल्या’ या वाक्यात अनेकवचन सर्वनाम, नाम व क्रियापद या तिन्ही ठिकाणी व्यक्त होते, तशीच ही पुनरुक्ती आहे. म्हणूनच व्यवहारात खालचा अंक गाळला तरी अर्थहानी होत नाही. वरचा अंक मात्र गाळता येत नाही. तो वस्तुमानांक होय, म्हणजे प्रोटॉन व न्यूट्रॉन यांची बेरीज. कार्बन-१२, कार्बन-१३ व कार्बन-१४ यांत प्रोटॉन प्रत्येकी सहाच, परंतु न्यूट्रॉन अनुक्रमे सहा, सात व आठ असतात. लेखनात अक्षराच्या आधी येणारा हा अंक उच्चारात मात्र नावानंतर येतो.

अशा अणूंना सॉडी याने १९१३ साली जे नाव दिले, ते मार्गारेट टॉड या स्कॉटिश डॉक्टर विदुषीने सुचविले होते. ग्रीक ‘आयसोस’ म्हणजे सम व ‘टोपोस’ म्हणजे स्थान. मराठीतील ‘समस्थानिक’ ही संज्ञा त्याचे अक्षरशः रूपांतर आहे. हे स्थान आवर्तसारणीतील होय, भौगोलिक नव्हे.

वस्तुमानांक, अणूचे वस्तुमान व अणुभार या तीन संज्ञांची गल्लत वारंवार होते. वस्तुमानांक ही मोजणी असल्यामुळे ती सदैव पूर्णांकात असते. वस्तुमान हे मापन होय. १९६१ पासून कार्बन-१२ च्या अणूचे वस्तुमान नेमके १२ एकके मानले जाते. त्या मानाने कार्बन-१३ चे १३.००३३५ व कार्बन-१४ चे १४.००३२४ भरते. कोष्टकात दिलेला १२.०११ हा अणुभार कोणत्याही एका कार्बन-अणूचा नसतो. निसर्गात सुमारे ९८.९ टक्के कार्बन-१२ व १.१ टक्के कार्बन-१३ आढळतो. त्या मिश्रणाची ती सरासरी होय. कार्बन-१४ एक लक्ष कोटी अणूंत सुमारे एक इतका विरळ असल्याने या सरासरीत त्याचा प्रभाव जाणवत नाही.

कालमापन मात्र याच विरळ अणूवर आधारलेले आहे. वैश्विक किरणांमुळे वातावरणात मुक्त झालेला न्यूट्रॉन नायट्रोजन-१४ च्या केंद्रावर आदळतो व एक प्रोटॉन बाहेर पडतो. वरचा अंक १४ च राहतो, खालचा ७ चा ६ होतो, आणि त्याबरोबर अक्षरही बदलते. कालांतराने या कार्बन-१४ मधील एका न्यूट्रॉनचे प्रोटॉनात रूपांतर होऊन तो पुन्हा नायट्रोजन होतो. सजीव मृत झाला की नवा कार्बन मिळणे थांबते आणि शिल्लक कार्बन-१४ सुमारे ५,७३० वर्षांत निम्मा होतो. लिबी याने आरंभी ५,५६८ वर्षे हा अर्धायुकाल धरला होता. संकेत म्हणून कार्बन-वयाचे गणित आजही त्याच आकड्याने मांडतात, व नंतर अंशशोधनाने त्याचे पंचांगी वर्षांत रूपांतर करतात.

येथे कार्बन-१३ चे महत्त्व ध्यानी येते. प्रकाशाच्याच जिल्ह्यातील कोरीट गावच्या शिवारात एकाच हंगामात वाढलेला ज्वारीचा दाणा व पऱ्हाटीची काडी एकाच चुलीत जळून पुरली गेली, अशी कल्पना करावी. रासायनिक दृष्ट्या तिन्ही समस्थानिक कार्बनच. तरी वनस्पती हलका अणू किंचित अधिक घेतात, आणि हा पक्षपात कपाशीत जास्त, ज्वारीत कमी असतो. परिणामी ज्वारीत कार्बन-१३ व कार्बन-१४ या दोहोंचे प्रमाण थोडे अधिक राहते. कार्बन-१३ मोजून दुरुस्ती केली नाही, तर तो दाणा पऱ्हाटीपेक्षा सुमारे दोनशे वर्षांनी अर्वाचीन ठरेल.

दोनशे वर्षांचे अंतर ताम्रपाषाणयुगातील दोन थरांचा क्रम उलटवण्यास पुरेसे आहे. म्हणून कार्बन-वय उद्धृत करताना नमुना कोणत्या वनस्पतीचा, कार्बन-१३ ची दुरुस्ती झाली आहे किंवा नाही, कोणता अर्धायुकाल धरला आहे आणि अंशशोधन झाले आहे काय, या चार गोष्टी नोंदविणे अगत्याचे ठरते. त्यांवाचून दिलेले वर्ष कितीही निश्चित दिसले, तरी दुसऱ्या वर्षाशी त्याची तुलना करणे सयुक्तिक होणार नाही.