वेगवान पडदा घेण्यापूर्वीं

घरांतील चिरंजीव संगणकावर चढाओढीचे खेळ खेळूं लागले, म्हणजे लौकरच वेगवान मॉनिटरची मागणी वडीलधाऱ्यांपुढें येते. ती निव्वळ चैन म्हणून झिडकारूं नये, तशीच जाहिरातींतील मोठ्या आंकड्यास भुलून मान्यहि करूं नये, असें आम्हांस वाटतें.

पडद्यावरील चित्र सेकंदास किती वेळां नवें होतें, तें हर्ट्झचा आंकडा सांगतो. ६० हर्ट्झवर एक चित्र सुमारें १६.७ मिलिसेकंद टिकतें; १४४ वर ६.९ व २४० वर ४.२. म्हणजे पहिल्या पायरींत जवळजवळ १० मिलिसेकंदांचा लाभ होतो, दुसरींत तीनहूनहि कमी. ‘काउंटर-स्ट्राइक’सारख्या खेळांत पहिला लाभ डोळ्यांस स्पष्ट जाणवतो, दुसऱ्यासाठीं अधिक पैसे मोजणें बहुतेक घरांस अनाठायींच ठरेल.

परंतु ग्राफिक्स कार्ड तितकीं चित्रें तयार करीत नसेल, तर वेगवान पडदा व्यर्थ होय. म्हणून खेळ चालू असतां सेकंदास किती चित्रें निघतात, तें प्रथम मुलाकडून दाखवून घ्यावें. पडदा घरीं आणल्यावर संगणकाच्या सेटिंगमध्यें १४४ हर्ट्झ निवडण्यास विसरूं नये. नाहीं तर तो ६० वरच चालत राहण्याचा संभव असतो, आणि दोष मात्र मुलाच्या हातांस दिला जातो!