देवाच्या आज्ञा : ओझे की आशीर्वाद ?

आज्ञा म्हटली की तरुण मनास ती ओझे वाटते. परंतु आपल्या खानदेशांतील, धुळे जिल्ह्यातील पांझरा नदीकाठची फडपद्धति पाहा. बंधाऱ्याने अडविलेले पाणी पाटाने शेतांत जाते. एका फडांत एका हंगामास सर्वांनी एकच पीक घ्यावयाचे, व पाटकरी देईल तेव्हांच पाणी घ्यावयाचे. हा नियम कोणास जाचक वाटेल. पण त्याच्याच योगाने पाटाच्या शेवटच्या टोकावरील दुबळ्या शेतकऱ्यासहि पाणी मिळते.

देवाच्या आज्ञांचेहि असेच आहे. निर्गमाच्या २० व्या अध्यायांत आज्ञा देण्यापूर्वी परमेश्वर इस्राएल लोकांस मिसर देशांतील दास्यांतून आपण सोडविल्याची आठवण देतो. प्रथम सुटका, मग आज्ञा. तेव्हां आज्ञा ही त्या सुटकेची किंमत नव्हे, तिचे कुंपण होय. शब्बाथाच्या आज्ञेत दास, दासी, उपरी, इतकेच काय, मुकी गुरेहि येतात. जी आज्ञा धन्याचा हात आवरते, तीच चाकरास विसावा देते.

यास्तव एखादी आज्ञा जड वाटली, तर ती पाळल्याने कोणाच्या शेतास पाणी पोहोंचते, हे आधी पाहावे.