एक डेनारियस, तीन पुस्तकं

रोमन नाणी जमवायची हौस नव्यानं लागलेला माणूस बहुधा सम्राटांची यादी घेऊन बसतो. ऑगस्टस झाला, टायबेरियस झाला, आता कॅलिग्युला कुठे मिळेल? अल्बम भरत जातो, पण कुणी एखादं नाणं उचलून ‘हे काय आहे?’ असं विचारलं, तर नाव आणि किंमत यापलीकडे सांगण्यासारखं काही नसतं. मी म्हणेन, आधी पुस्तक घ्या, मग नाणं. वाचताना एखादा उतारा डोक्यात घर करून बसला, की त्या प्रसंगाचं नाणं शोधावं. हे जमवायचं कसं, ते एकाच नाण्यावर पाहू.

नाणं आहे ऑगस्टसचा चांदीचा डेनारियस. ल्युग्दुनुम, म्हणजे आजचं फ्रान्समधलं लियों, तिथल्या टांकसाळीत तो पडला. त्या काळी इतका पाडला गेला, की ऑगस्टसच्या नाण्यांत हाच सर्वांत सहज आणि त्यातल्या त्यात परवडेल अशा भावात मिळतो. आकार आपल्या जुन्या चार आण्याएवढा, वजन साधारण पावणेचार ग्रॅम. पुढच्या बाजूला लॉरेलच्या पानांचा मुकुट घातलेलं ऑगस्टसचं मस्तक. मागच्या बाजूला टोगा नेसलेले दोन तरुण समोर तोंड करून उभे. त्यांच्यामध्ये दोन ढाली आणि दोन भाले. वरच्या मोकळ्या जागेत दोन बारीक वस्तू दिसतात. एक पळी आणि दुसरी टोकाशी वळलेली काठी.

आता अक्षरं. रोमन ठसा कोरणाऱ्याला जागा बोटाच्या पेराएवढी आणि बिरुदं मात्र हातभर, त्यामुळे तो शब्द छाटतो. लग्नपत्रिकेतली ‘चि. सौ. कां.’ ज्यानं वाचली आहे, त्याला हे अवघड जाऊ नये. पुढच्या बाजूला आहे ‘काएसार आउगुस्तुस दिवी एफ पातेर पात्रिआए’. यातला ‘एफ’ म्हणजे फिलियुस, मुलगा. सीझर ऑगस्टस, देवपदाला गेलेल्याचा (म्हणजे ज्यूलियस सीझरचा) पुत्र, राष्ट्रपिता. मागच्या बाजूला ‘आउगुस्ती एफ कॉस देसिग प्रिंक युवेंत’, म्हणजे ऑगस्टसचे पुत्र, नियोजित कॉन्सल, तरुणांचे अग्रणी. तळाशी नावं, ‘सी एल काएसारेस’. गायस आणि ल्युशियस सीझर.

बिरुदांवरून तारीख काढायची, हा या छंदातला सर्वांत रंगतदार खेळ. ‘राष्ट्रपिता’ हा किताब ऑगस्टसला इ.स.पू. २ मध्ये, ५ फेब्रुवारीला मिळाला. म्हणजे नाणं त्याआधीचं असूच शकत नाही. गायस प्रत्यक्ष कॉन्सल झाला इ.स. १ मध्ये आणि इथं तर तो अजून ‘नियोजित’च आहे. म्हणजे हा मजकूर ठरला तो या दोन तारखांच्या मधल्या काळात. पाडणं थांबलं कधी, यावर मात्र अभ्यासकांचे वाद आहेत. लोकांच्या ओळखीचं झालेलं नाणं मजकूर शिळा झाला तरी पाडत राहणं टांकसाळीला सोयीचंच असतं.

इथं पहिलं पुस्तक उघडायचं. ऑगस्टसनं स्वतःच्या कारकिर्दीचा अहवाल स्वतःच लिहून ठेवला होता. रोममध्ये त्याच्या समाधीपुढे लावलेले त्याचे कांस्यपट नाहीसे झाले, पण अंकाराच्या एका मंदिराच्या भिंतींवर तोच मजकूर लॅटिन आणि ग्रीकमध्ये कोरलेला आहे. ‘रेस गेस्ताए’ या नावानं तो छापील मिळतो आणि एका बैठकीत वाचून होतो. त्याच्या चौदाव्या परिच्छेदात तो म्हणतो, की रोमच्या अश्वारूढ वर्गानं माझ्या दोन्ही मुलांना तरुणांचे अग्रणी म्हणून गौरवलं आणि चांदीच्या ढाली व भाले भेट दिले. नाण्यावरच्या ढाली-भाल्यांचा उलगडा इथं होतो. ती लढाईची शस्त्रं नव्हेत, सत्कारात मिळालेल्या वस्तू आहेत. पळी आणि काठी यांचाही असाच अर्थ लागतो. पळी पोंतिफेक्स या पुरोहितपदाची खूण आणि गायस पोंतिफेक्स होता. वाकडी काठी पक्ष्यांवरून शकुन पाहणाऱ्या औगुरची आणि ल्युशियस औगुर होता. हे भिंगाखाली एकदा नीट पाहिलं, की त्या परिच्छेदातला एकही शब्द विसरला जात नाही.

पण नाणं आणि हा अहवाल, दोन्ही सरकारी बाजू. दोन्हींचा कर्ता एकच. म्हणून दुसरं पुस्तक सुएटोनियसचं, ‘बारा सीझर’. रॉबर्ट ग्रेव्ह्जचं इंग्रजी भाषांतर पेंग्विननं १९५७ मध्ये काढलं आणि जुन्या पुस्तकांच्या दुकानांत ते अजून सापडतं. सुएटोनियस हाड्रियनच्या दरबारी चिटणीस होता, म्हणजे या नाण्यानंतर शंभरेक वर्षांनी लिहीत होता. तो सांगतो, की हे दोघे मुळात ऑगस्टसचे नातू, मुलीची मुलं. त्यांच्या बापाकडून, म्हणजे आग्रिप्पाकडून, त्यानं ती दत्तक घेतली आणि तीही घरच्या घरी तराजू व तांब्याचं नाणं मांडून, विकत घेण्याचा जुना विधी करून! लिहायला-वाचायला त्यानं स्वतः शिकवलं, आपल्यासारखंच अक्षर काढायला लावलं. लोकांपुढे त्यांची शिफारस करताना ‘पात्र असतील तर’ अशी पुस्ती तो न चुकता जोडायचा, असंही सुएटोनियस लिहितो. नाण्यावर ती पुस्ती नाही. अर्थात नाण्यावर कधीच नसते.

ल्युशियस इ.स. २ मध्ये मार्सेलीत वारला, गायस इ.स. ४ मध्ये लिशियात. तिसरं पुस्तक टॅसिटसचं, ‘अ‍ॅनल्स’. सुरुवातीलाच तो या दोन मृत्यूंचा उल्लेख करतो आणि दैव ओढवलं की सावत्र आई, म्हणजे ऑगस्टसची पत्नी लिव्हिया, हिचा डाव होता, असा संशय जाता जाता सोडून देतो. पुरावा काहीही देत नाही. टॅसिटस वाचताना ही खोड लक्षात ठेवावी. तो आरोप करत नाही, वाचकाकडून करवून घेतो.

या नाण्याचा आपल्याशीही संबंध आहे. भारतात, विशेषतः दक्षिणेत, सापडलेल्या रोमन चांदीच्या नाण्यांत हा प्रकार आणि टायबेरियसचा एक डेनारियस हेच बहुसंख्य आहेत. या प्रकाराच्या स्थानिक नकलाही मिळतात आणि काही नाण्यांच्या चेहऱ्यावर छिन्नीचा मुद्दाम मारलेला घाव दिसतो. ‘पेरिप्लस’ हे ग्रीक खलाशी-व्यापाऱ्याचं प्रवासपुस्तक सांगतं, की भडोचला सोन्याचांदीचे डेनारियस देऊन स्थानिक नाणं घेतलं तर फायदा होतो. त्यात नंबानुस नावाचा राजा येतो, तो क्षत्रप नहपान असं मानलं जातं. त्याची चांदीची नाणी १९०६ मध्ये नाशिकजवळ जोगळटेंभीला सापडली, १३ हजारांहून अधिक. त्यांतल्या ९ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीनं आपला ठसा पुन्हा मारला होता. नहपानच्या नाण्यावर राजाच्या मुखवट्याभोवती ग्रीक अक्षरंही आहेत.

वजन का पाहायचं, हे रोमन लेखक प्लिनी शिकवतो. लंकेच्या राजाला रोमन डेनारियस दाखवले तेव्हा चेहरे वेगवेगळे असूनही सगळ्यांचं वजन सारखंच आहे, हे पाहून तो रोमनांच्या सचोटीवर खूश झाला, अशी कथा त्याच्या ग्रंथात आहे. इ.स. ६४ मध्ये नीरोनं एका रोमन पौंडात ८४ ऐवजी ९६ डेनारियस पाडायला सुरुवात केली, चांदीचा कसही उतरवला आणि ती सचोटी हलकी झाली. संग्राहकानं म्हणून शतांश ग्रॅमपर्यंत मोजणारा काटा घ्यावा आणि दहापट मोठं दाखवणारं भिंग. आपलं नाणं तीन ग्रॅमच भरलं तर आत तांबं आणि वर चांदीचा पत्रा असू शकतो. अशी बनावट त्या काळातही होत होती आणि तिचाही एक वर्ग संग्राहकांत आहे. कडेवर गोल शिवण दिसली, तर मात्र नाणं साच्यात ओतलेलं आहे असं समजून परत करावं. चिंच, लिंबू, ब्रासो यांतलं काहीही लावू नये. स्वस्तातल्या मऊ प्लॅस्टिकच्या पाकिटात ठेवू नये, त्यातला पीव्हीसी धातूवर हिरवट चिकटा सोडतो.

ओळख पटवायला जाडजूड सूचीग्रंथ विकत घ्यायची गरज नाही. ‘रोमन इम्पीरियल कॉइनेज’मध्ये ऑगस्टसखाली क्रमांक २०७ पाहा. तीच सूची अमेरिकन न्यूमिस्मॅटिक सोसायटीनं इंटरनेटवर फुकट ठेवली आहे.

कायद्याचं थोडक्यात. १९७२ च्या कायद्यानुसार शंभर वर्षांपेक्षा जुनं नाणं पुरावस्तू ठरतं आणि खासगी माणसाला ते देशाबाहेर पाठवता येत नाही. जमिनीत पुरलेला दहा रुपयांहून अधिक किमतीचा ठेवा सापडला, तर १८७८ च्या कायद्यानं तो जिल्हाधिकाऱ्यांना कळवावा लागतो. कुणी ‘शेतात सापडलं’ म्हणून नाणं पुढे केलं, तर हात मागे घ्या. पैसे जपून वापरायचे असतील तर नाशिकजवळ अंजनेरीला नाणकशास्त्र संशोधन संस्थेचं संग्रहालय आहे, तिथं एक दिवस घालवा.

पुढचं नाणं टायबेरियसचं घ्यावं. दोन्ही नातू गेल्यावर इ.स. ४ मध्ये ऑगस्टसनं त्यालाच दत्तक घेतलं. सोबत ‘अ‍ॅनल्स’ची पहिली सहा पुस्तकं वाचावीत. त्यांतल्या पाचव्याचा बहुतेक भाग काळाच्या ओघात हरवला आहे, तेवढ्या वर्षांपुरता सुएटोनियस आणि डिओ कॅसियस यांच्यावर भागवावं लागतं.