लढाई रचणारी मुलं

शाळा-कॉलेजात जाणारं मूल ज्या घरात आहे, त्या घरातल्या आईच्या कानांवरून 'गोकू' आणि 'व्हेजिटा' ही नावं एकदा तरी गेलेली असतात. ताठ उभ्या केसांचे, हातांतून निळे झोत सोडणारे, उडत उडत एकमेकांना डोंगरावर आपटणारे ते वीर! आपण पोळ्या लाटता लाटता तिकडे बघतो आणि ओरडतो, "पुरे झाली ती मारामारी, ऊठ आता!"

मैत्रिणींनो, आपलं ओरडणं बहुतेक वेळा योग्यच असतं. पण या खेळात आता आणखी एक प्रकार आला आहे. त्यात मुलं नुसती लढत नाहीत, दुसऱ्यानं खेळावी म्हणून स्वतः लढाई रचतात. बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं. तोच टीव्ही, तोच कंट्रोलर, तीच धुमश्चक्री. मात्र दोन्हींत फरक आहे, आणि तो आईला कळला तर 'बंद कर' कधी म्हणायचं आणि कधी जरा दम धरायचा, हे तिला ठरवता येईल.

गोष्ट मुळात कुठली?

ही गोष्ट जपानची. अकिरा तोरियामा या चित्रकारानं १९८४ साली 'शोनेन जंप' नावाच्या मुलांच्या साप्ताहिकात 'ड्रॅगन बॉल' ही चित्रकथा क्रमशः लिहायला घेतली. ती १९९५ पर्यंत चालली आणि पुढे तिची ४२ पुस्तकं झाली. पुढच्या अंकाची वाट बघणं म्हणजे काय, हे आपल्याला कुणी सांगायला नको! तोरियामा २०२४ च्या मार्चमध्ये वयाच्या ६८ व्या वर्षी वारले, पण त्यांचा गोकू काही म्हातारा झाला नाही.

हा गोकू आला कुठून, तेही गमतीचं आहे. 'पश्चिमेची यात्रा' नावाची एक जुनी चिनी कादंबरी आहे. तिच्यातल्या वानरवीराच्या नावाचा जपानी उच्चार होतो 'सोन गोकू'. लहानपणीच्या गोकूला शेपूट असते, हातात लांबणारी काठी असते, आणि तो ढगावर बसून फिरतो, ते त्या वानरामुळेच. कादंबरीत हा वानर ज्या भिक्षूची सोबत करतो, तो म्हणजे ह्युएन त्संग! सातव्या शतकात हा खराखुरा प्रवासी भारतात आला, दुसऱ्या पुलकेशीच्या काळात आपल्या महाराष्ट्रातही येऊन गेला आणि इथल्या लोकांबद्दल लिहून गेला. शाळेच्या इतिहासात त्याचं नाव आपण पाठ केलेलं आहे. मुलाला हे सांगून बघा, त्याचे डोळे मोठे होतील.

लढाई रचायची म्हणजे काय करायचं?

'ड्रॅगन बॉल: स्पार्किंग! झीरो' हा खेळ बांदाई नामको या जपानी कंपनीनं ११ ऑक्टोबर २०२४ ला बाजारात आणला. पहिल्याच दिवशी त्यात १८२ लढवय्ये होते. एकाच वीराची निरनिराळी रूपं त्यात वेगवेगळी मोजली आहेत, हे खरं. या खेळात 'कस्टम बॅटल' नावाचा विभाग आहे. कोण कोणाशी लढणार, कुठे लढणार, किती वेळ लढणार, हे तिथे मुलानं ठरवायचं. एवढं ठरवलं की लढाई सुरू होते, पण ती गोष्ट होत नाही. खरं काम पुढेच आहे. 'अमुक झालं की तमुक घडावं' अशा अटी घालायच्या असतात. एखाद्याच्या ताकदीची पट्टी निम्म्याच्या खाली आली की त्याच्या तोंडी एक वाक्य यावं, किंवा त्याचा जोर वाढावा, असं काहीतरी. वाक्यं मनाला येतील ती लिहिता येत नाहीत, खेळात दिलेल्या साच्यांतून निवडून जुळवावी लागतात. लढाई तयार झाली की ती इतरांसाठी इंटरनेटवर ठेवता येते, आणि कुठल्या तरी देशातलं अनोळखी मूल ती खेळून बघतं.

आता सांगा, हे निबंधापेक्षा फार वेगळं आहे का? निबंधालाही सुरुवात, मध्य आणि शेवट लागतोच की.

मूळ कथेतलाच दाखला घेऊ. नामेक नावाच्या ग्रहावर फ्रीझा हा दुष्ट गोकूच्या जिवलग मित्राला, क्रिलिनला, डोळ्यांदेखत मारतो. गोकूचा संयम सुटतो आणि त्याचे केस प्रथमच सोनेरी होतात. जगभरच्या मुलांना हा प्रसंग पाठ आहे. त्यातले ठोसे कोणाच्या लक्षात नाहीत. मित्र गेला आणि म्हणून राग आला, हे लक्षात आहे. चांगली लढाई रचणाऱ्या मुलाला हे हळूहळू उमगतं. कारणाशिवाय रचलेली लढाई दोन मिनिटांत कंटाळवाणी होते.

मिठाचा अंदाज

मी एका शाळेत अर्धवेळ शिकवते. प्रश्नपत्रिका काढताना जी कसरत होते, तीच या मुलांची होते. पेपर फार सोपा काढला तर हुशार मुलं जांभया देतात, फार अवघड काढला तर बाकीची पेन खाली ठेवतात.

माझ्या नववीतल्या भाच्यानं एक लढाई रचली. शत्रूची ताकद इतकी वाढवून ठेवली की त्याला स्वतःलाच ती तिसऱ्या खेपेला जिंकता आली. स्वारी खूश! धाकट्या बहिणीला खेळायला बसवलं. ती चार वेळा हरली आणि "मला नाही खेळायचं तुझं काही" म्हणून उठून गेली. "तिला येतच नाही," हा त्याचा निवाडा. वहिनी शांतपणे म्हणाल्या, "अरे, भाजी तिखट झाली तर जेवणाऱ्याला नावं ठेवायची का?" तो गप्प बसला. दुसऱ्या दिवशी त्यानं शत्रूचा जोर कमी केला आणि सुरुवातीला एक सोपा टप्पा घातला. बहीण दुसऱ्या खेपेला जिंकली, आणि तिच्यापेक्षा तोच जास्त नाचला.

मला वाटतं, यातली मोलाची गोष्ट हीच आहे. खेळताना मूल स्वतःच्या जिंकण्याचा विचार करतं. रचताना त्याला समोरच्याच्या आनंदाचा विचार करावा लागतो. पंधरा वर्षांच्या मुलाच्या अंगी हे बाणवायला आपण एरवी किती बोलत असतो!

आईनं काय करावं?

१. आधी कागद, मग खेळ. जुन्या वहीच्या पाठकोऱ्या पानावर लढाईचा आराखडा लिहायला सांगा: कोण, कुठे, कशासाठी, आणि कलाटणी कुठे? विचार कागदावर झाला की टीव्हीसमोरचा वेळ आपोआप कमी होतो.

२. तीन प्रश्न विचारा. "हे दोघं भांडतात कशावरून?", "मध्ये काय बदलतं?" आणि "हे कोण खेळणार?" खेळातलं ओ की ठो कळत नसलं तरी हे प्रश्न कुठल्याही आईला विचारता येतात.

३. दुसऱ्याला खेळू द्या, रचणाऱ्यानं गप्प बसावं. "इकडे दाब, तिकडे वळ" अजिबात नाही. परीक्षेत पर्यवेक्षक उत्तर सांगत नाही, तसं. खेळणारा कुठे अडतो ते नुसतं बघितलं की चूक आपली आपल्याला दिसते.

४. वेळ आधी ठरवा. रचण्याच्या नावाखाली तासन्‌तास खेळणं चालूच राहतं. "आज एक बदल, एकदा खेळून बघणं, मग बंद," असा करार करा आणि घड्याळ समोर ठेवा.

५. वय बघा. अमेरिकेत या खेळावर 'टीन' ही खूण आहे, म्हणजे १३ वर्षांपासून पुढे. दादाच्या शेजारी सात वर्षांचं धाकटं तोंड उघडं टाकून बसलं असेल, तर त्याला दुसऱ्या कामाला लावा.

एक मात्र सांगून ठेवते. यातून मुलगा उद्या मोठा लेखक होईल किंवा कॉम्प्युटर शिकेल, अशा भ्रमात राहू नका. पात्रं दुसऱ्याची, वाक्यं साच्यातली; त्याला मर्यादा आहेत. दहावीचं वर्ष असेल तर आधी अभ्यास, त्यात सूट नाही. मैदानावरचा घाम आणि गोष्टीचं पुस्तक यांची जागा हा खेळ घेऊ शकत नाही.

पण घरात वाद होतो, तो मुलगा काय करतोय हे न बघताच होतो. वडील म्हणतात, "फेकून द्या ते," आजी म्हणते, "डोळे जातील," आणि मुलगा दार लावून घेतो. एकदा दार लागलं की पुढची चार-पाच वर्षं ते उघडायला किती त्रास पडतो, हे मोठ्या मुलांच्या आयांना विचारा. त्यापेक्षा येत्या रविवारी जेवणं आटोपली की दहा मिनिटं त्याच्याजवळ बसा आणि म्हणा, "दाखव बघू, तू काय रचलंयस ते." आणि हो, तो कंट्रोलर तुमच्या हातात देईलच. चार वेळा हराल. हरायला लाजू नका!