एक्स्चेंज आणि मोबदला

बोईसरच्या बाजारपेठेत दिवाळीच्या सुमारास दुकानांवर 'एक्स्चेंज ऑफर' अशी पाटी लागते, आणि इंग्रजीचा गंध नसलेल्या माणसालाही तिचा अर्थ समजावून द्यावा लागत नाही. जुना टी. व्ही. द्या, वर पैसे भरा, नवा घेऊन जा. आमच्याकडच्या बायका हाच व्यवहार दारात आलेल्या बोहारणीशी पिढ्यान्‌पिढ्या करीत आल्या आहेत. चार जुनी लुगडी आणि एक पातेले. फरक इतकाच, की बोहारणीशी घासाघीस करता येते. पाटीशी करता येत नाही.

शब्द असा सरळ असता, टेलिफोनच्या कचेरीला इंग्रजीत एक्स्चेंज का म्हणतात? तिथे कोणी कोणाचा टेलिफोन बदलून देत नाही. एम्प्लॉयमेंट एक्स्चेंजमध्ये नाव नोंदविणाऱ्या तरुणाने तरी काय देऊन काय घ्यायचे? याचे उत्तर लंडनच्या व्यापाऱ्यांकडे आहे. सर टॉमस ग्रेशम याने अँटवर्पच्या नमुन्यावर लंडनला व्यापाऱ्यांसाठी एक इमारत बांधली आणि १५७१ साली एलिझाबेथ राणीने तिला 'रॉयल एक्स्चेंज' हे नाव दिले. देवघेव जिथे होते ती जागाच एक्स्चेंज झाली. मग देणारा आणि घेणारा यांची गाठ घालून देणाऱ्या कोणत्याही ठिकाणाला तो शब्द चिकटू लागला. रोख्यांचा बाजार स्टॉक एक्स्चेंज, दोन तारा जोडणारी कचेरी टेलिफोन एक्स्चेंज. मुंबईत अशी कचेरी १८८२ साली निघाली. शेअर दलालांची संघटना त्याआधी सात वर्षे, १८७५ मध्ये, स्थापन झालेली होती.

मराठीने या प्रकरणी अधिक नेमकेपणा दाखविला, असे आमचे मत आहे. टेलिफोनच्या कचेरीला आपण दूरध्वनी केंद्र म्हटले, नोकऱ्यांच्या कचेरीला सेवायोजन कार्यालय. 'योजन' म्हणजे जोडणे. तिथे खरोखर होते ते तेवढेच. विचारांचा होतो तो विनिमय, शब्दांची होते ती बाचाबाची. हुंडीच्या व्यवहारातील दराला जुने लोक हुंडणावळ म्हणत. दोन घरांनी एकमेकांच्या मुली सुना म्हणून केल्या की ते साटेलोटे; हा शब्द पुढे राजकारणात जाऊन बदनाम झाला, तो भाग वेगळा. इंग्रजी एकाच थैलीत जे भरते, ते मराठी निरनिराळ्या डब्यांत ठेवते.

शास्त्रज्ञांनी या शब्दाला आणखी एक अर्थ दिला, आणि त्याचे उदाहरण पाहायला आम्हां पालघर-बोईसरकरांना दूर जावे लागत नाही. तारापूरच्या अणुवीज केंद्राचे पहिले दोन संच १९६९ साली सुरू झाले. प्रत्येकी ५४० मेगावॉटचे तिसरा व चौथा हे संच २००५ आणि २००६ मध्ये चालू झाले. या नव्या संचांत अणुभट्टीतील उष्णता घेऊन भारी पाणी असंख्य बारीक नळ्यांतून वाहते; नळ्यांच्या बाहेर साधे पाणी असते, त्याची वाफ होते आणि ती वाफ जनित्र फिरवते. दोन्ही पाणी एकमेकांत मिसळत नाहीत. नळीच्या भिंतीतून पलीकडे जाते ती फक्त उष्णता. अशा यंत्राला हीट एक्स्चेंजर म्हणतात. नीट पाहिले तर ही अदलाबदल नव्हेच, कारण उष्णता जाते ती तापलेल्याकडून थंडाकडे, एकाच दिशेने.

हेच दोन संच उभे करताना मात्र दुसरी एक अदलाबदल करावी लागली. अक्करपट्टी आणि पोफरण ही दोन गावे उठवून दुसरीकडे वसवावी लागली, आणि आमच्या तोंडी 'मोबदला' हा शब्द आला. शब्द मूळ अरबी, 'मुबादला'. त्याचा अर्थच मुळी अदलाबदल. म्हणजे इंग्रजीतला एक्स्चेंज आणि आपला मोबदला मुळात सख्खी भावंडे. पण कायदा काय म्हणतो ते पाहावे. मालमत्ता हस्तांतरणाच्या १८८२ च्या कायद्यातील कलम ११८ प्रमाणे, एका वस्तूच्या मालकीसाठी दुसऱ्या वस्तूची मालकी दिली तर ती अदलाबदल; मात्र दोहोंपैकी एकच बाजू निव्वळ पैशाची असेल तर ती अदलाबदल नव्हे. ती विक्री. किनाऱ्यावरची कोळीण सुके बोंबील घेऊन आतल्या पाड्यांवर जाई आणि पायलीने भात घेऊन परते. जुन्या मंडळींच्या आठवणीतला तो व्यवहार कायद्याच्या व्याख्येत तंतोतंत बसतो. जमीन देऊन धनादेश घेणे त्यात बसत नाही.

बरे, विक्री म्हणावी तर विकणाऱ्याला 'नाही' म्हणता आले पाहिजे. बोहारणीचे पातेले पसंत पडले नाही तर आपण लुगडी उचलून आत जातो, आणि तीही टोपली डोक्यावर घेऊन पुढच्या दारी जाते. सक्तीच्या भूसंपादनात ही सोय नाही. कायद्याला हे ठाऊक होते. १८९४ च्या भूसंपादन कायद्याने बाजारभावावर शेकडा १५ जादा देण्याचे ठरविले, आणि त्याचे कारणही लिहून ठेवले: संपादन सक्तीचे आहे म्हणून. १९८४ साली ते प्रमाण शेकडा ३० झाले. २०१३ च्या नव्या कायद्यात ते शेकडा १०० आहे. ज्याची मर्जी विचारली नाही त्याच्या मनाची किंमत पंधरावरून शंभरावर यायला सव्वाशे वर्षांच्या आत-बाहेर काळ लागला! नव्या कायद्याच्या नावातच 'भरपाई' शब्द आहे. हा शब्द आम्हांला 'मोबदला' या शब्दापेक्षा प्रामाणिक वाटतो. मोबदला म्हटले की हिशेब चुकता झाला असे ध्वनित होते. भरपाई म्हणणारा निदान तूट झाली हे कबूल तरी करतो.

पण तूट मोजायची कशावरून? मोजणी होते ती सातबाऱ्यावर. शेत त्यावर असते, विहीर असते, झाडांचीही नोंद सापडते. मासळी वाळत घालण्याची वाळू, होडी ओढून ठेवण्याची जागा, कोणत्या भरतीला कुठे जाळे टाकावे याचे ज्ञान यांची नोंद त्यावर नसते. डहाणू तालुक्याच्या किनाऱ्यावर वाढवण येथे मोठे बंदर बांधण्यास केंद्र सरकारने जून २०२४ मध्ये मंजुरी दिली, आणि त्याच वर्षी ३० ऑगस्टला पालघरात त्याची पायाभरणी झाली. तेव्हापासून किनाऱ्यावरच्या गावांत मोबदल्याची चर्चा पुन्हा कानी येते. या बंदराची बरीचशी जमीन समुद्रात भराव घालून तयार व्हावयाची आहे. आणि समुद्राला सातबारा नाही.