मशीन आपले, किल्ली कंपनीची

डिसेंबर २०२४च्या अखेरीस बुलढाणा जिल्ह्यात शेगाव तालुक्यातल्या बोंडगाव, कालवड, हिंगणा या गावांत माणसांचे केस मुळासकट हातात येऊ लागले. तीन-चार दिवसांत टक्कल. नमुने जिल्ह्याबाहेर गेले. डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी रेशनच्या गव्हातल्या सेलेनियमकडे बोट दाखवले. तो गहूही ठाण्याच्या प्रयोगशाळेत तपासला गेला.

सूक्ष्म प्रमाणातले सेलेनियम मोजायला आयसीपी-एमएससारखे महागडे यंत्र लागते. मोठ्या शहरांतल्या लॅब अशी यंत्रे बदलतात, तेव्हा जुने बहुतेकदा चालू स्थितीत असते. ते बुलढाण्यात का येऊ नये? आर्गॉन, स्वच्छ खोली, शिकलेला माणूस हे सगळे लागतेच. पण त्याआधीच अडते ते कागदावर. सॉफ्टवेअरचा परवाना अनेकदा पहिल्या मालकाच्याच नावावर असतो. दुसऱ्या मालकाला सर्व्हिस करार हवा, तर आधी कंपनीच्या इंजिनिअरकडून पैसे भरून तपासणी करून घ्यावी लागते. शिवाय मॉडेल जुने झाले की पार्ट बंद. म्हणजे घेणाऱ्याच्या पदरात पडते ती नुसती पेटी.

तालुक्याच्या गावातल्या पॅथॉलॉजी लॅबला हीच अडचण छोट्या रूपात रोज भेटते. ‘क्लोज्ड सिस्टिम’च्या मशीनला कंपनीचेच रसायन लागते, बाटलीवरची चिप जुळली नाही तर मशीन सुरूच होत नाही. दुरुस्तीचा मेनू पासवर्डमागे. सेल काउंटरची नळी तुंबली, हे लॅबवाल्याला कळते, पण इंजिनिअर नागपूर किंवा संभाजीनगरहून येईपर्यंत डेंग्यूच्या रुग्णाच्या प्लेटलेट दुसऱ्या गावी मोजाव्या लागतात. त्या एका दिवसाची किंमत कुठल्याच करारात लिहिलेली नसते, याचा मला राग येतो.

सरकारी दवाखान्यांतही चित्र वेगळे नाही. केंद्राने २०१५मध्ये वैद्यकीय उपकरणांच्या देखभालीचा कार्यक्रम आखला, तेव्हाच्या पाहणीत राज्याराज्यांत १३ ते ३४ टक्के उपकरणे बंद आढळली होती.

गाड्यांच्या बाबतीत हा प्रश्न आपण धसाला लावला आहे. बाहेरच्या गॅरेजला पार्ट आणि तांत्रिक माहिती न देणाऱ्या १४ कार कंपन्यांना स्पर्धा आयोगाने २०१४मध्ये २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. अपिलात काही कंपन्यांचा दंड कमी झाला, पण तत्त्व टिकले. २०२२मध्ये ‘दुरुस्तीच्या हक्का’साठी केंद्राने समिती नेमली. शेतीची अवजारे, मोबाइल, घरगुती उपकरणे आणि वाहने ही तिची चार क्षेत्रे. प्रयोगशाळेचे यंत्र त्यांत नाही.

कंपन्या म्हणतात, चुकीच्या हाताने उघडलेले मशीन चुकीचा रिपोर्ट देईल. ही भीती खोटी नाही. पण अमेरिकेच्या एफडीएने २०१८च्या अहवालात बाहेरचे अनेक दुरुस्तीकार सुरक्षित आणि चांगले काम करतात, असेच नोंदवले. आपल्याकडे वेल्लोरचे सीएमसी देशभरच्या लॅबना तपासणीचे नमुने पाठवून बायोकेमिस्ट्रीचे आकडे ताडून पाहते. मशीन कोणीही दुरुस्त केलेले असो, या परीक्षेत चूक उघडी पडते.

मग कायद्याची वाट का पाहायची? सर्व्हिस मॅन्युअल, पासवर्ड, दहा वर्षे पार्ट आणि मालक बदलला तरी चालणारा परवाना, या चार ओळी जिल्हा रुग्णालयाच्या पुढच्या खरेदीच्या निविदेतच घालता येतील. ऑर्डरवर सही होण्याआधी.