निरोपानंतरचं गाणं : बीटल्सनी ४० वादकांना बेशिस्त वाजवायला का लावलं?

रत्नागिरीत संगीत नाटकाला किंवा मैफलीला बसलेल्या माणसाला भैरवी सुरू झाली की घड्याळ बघावं लागत नाही. कार्यक्रम संपत आला, हे सुरांनीच सांगितलेलं असतं. १९६७ साली बीटल्स या ब्रिटिश रॉक बँडनं मात्र निरोपाचं गाणं आधी उरकलं आणि सगळ्यात मोठं गाणं त्यानंतर ठेवलं.

अल्बम होता 'सार्जंट पेपर्स लोनली हार्ट्स क्लब बँड'. कॉन्सेप्ट अल्बम म्हणजे एकाच कल्पनेत ओवलेली गाणी. इथली कल्पना अशी, की सार्जंट पेपर नावाच्या कुणा माणसाचा बँड कार्यक्रम करतोय. सुरुवातीचं स्वागतगीत शेवटी पुन्हा येतं, बँड निरोप घेतो. आणि मग सुरू होतं 'अ डे इन द लाइफ'. त्यात पेपरातल्या बातम्या आहेत, सकाळची धावपळ आहे. म्हणजे खेळ संपला आणि रोजचं जगणं समोर आलं.

या गाण्यात चार-चार मात्रांचे २४ तुकडे रिकामे होते. ते भरायला १० फेब्रुवारी १९६७ रोजी लंडनच्या ॲबी रोड स्टुडिओत ४० वादक बोलावले गेले. निर्माते जॉर्ज मार्टिन यांनी प्रत्येकाला सांगितलं : वाद्याच्या सगळ्यात खालच्या सुरापासून वर चढत जा, पण शेजाऱ्याचं ऐकून वाजवू नका. आयुष्यभर एकसुरात वाजवणाऱ्यांना हेच अवघड होतं! हे वादन चार वेळा ध्वनिमुद्रित करून एकत्र केलं, म्हणून वादक १६० असल्यासारखे वाटतात.

हा चढ गाण्यात दोनदा येतो. पहिल्यांदा तो तुटतो आणि गजराचं घड्याळ वाजतं. हा गजर खरं तर २४ तुकडे संपल्याची खूण म्हणून लावला होता, पण पुढची ओळ झोपेतून उठण्याचीच असल्यामुळे तो तसाच ठेवला. दुसऱ्यांदा क्षणभर शांतता होते आणि पियानोंवर एकदम एक कॉर्ड पडतो. तो विरत जाईल तसतशी ध्वनिमुद्रणाची पातळी वाढवली गेली, म्हणून तो ४० सेकंदांच्या आसपास ऐकू येतो.

तिहाई घेऊन गायक समेवर आला की आपण मान डोलावतो. इथली सम गाण्याच्या अगदी शेवटी येते, म्हणून तिच्यानंतरची शांतताही गाण्याचाच भाग वाटते. हेडफोन लावून ऐका, आणि शेवटचा सूर पूर्ण विरेपर्यंत पुढचं गाणं लावू नका.